मालक वर्गात येतो तेव्हा

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात इंजिनीअरिंगला गेलेल्या काही मुलांचं पहिलं वर्ष असं असतं: सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू, डिसेंबरमध्ये परीक्षा, जानेवारीत नोकरी. सुट्टीत हौसेने केलेली नोकरी नाही. चार महिन्यांची, पूर्ण वेळ, पगारी आणि पदवीच्या हिशेबात धरली जाणारी. मे महिन्यात ही मुलं पुन्हा वर्गात येऊन बसतात, सप्टेंबरात पुन्हा कुठेतरी कामावर. असं करत करत चार वर्षं आठ महिन्यांत आठ सत्रं शिक्षणाची आणि साधारण सहा कामाची भरतात. या पद्धतीला तिकडे को-ऑप म्हणतात. आपल्या सहकारी बँकेशी किंवा सूतगिरणीशी तिचा काही संबंध नाही.

जानेवारीत कामावर जायचं तर अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच करावे लागतात. म्हणजे वसतिगृहातल्या खोलीची किल्ली नीट हाताळायची सवय होण्याआधी त्या अठरा वर्षांच्या मुलाला बायोडेटा लिहायचा असतो, मुलाखत द्यायची असते, आणि कुठल्या तरी कंपनीला पटवायचं असतं की मला घ्या, मी उपयोगी पडेन. त्याची तयारी कोण करून घेणार? प्राध्यापकाला गणित शिकवता येतं. सोमवारी सकाळी नऊ वाजता ऑफिसात नेमकं काय चालतं, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. विद्यापीठाचे स्वतःचे तयारीचे अभ्यासक्रम आहेत, को-ऑपचं मोठं कार्यालय आहे, सल्लागार आहेत. पण मुलं ज्यांचं बोलणं कान टवकारून ऐकतात ते वेगळेच असतात: काम देणारे. कंपनीवाले स्वतः कॅम्पसवर येतात आणि मुलांना तयार करायला हातभार लावतात. ही पद्धत तिथे का रुजली आणि आपल्याकडे तिचं नुसतं सोंग का उरतं, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

को-ऑपची कल्पना मूळ कॅनडाची नाही. ती हर्मन श्नायडर या अमेरिकी माणसाची. पेनसिल्वेनियातल्या लीहाय विद्यापीठात तो शिकवत होता आणि विद्यापीठाला लागूनच बेथलेहेमचा पोलादाचा कारखाना होता. एका संध्याकाळी आवारातून चालताना भट्टीचा भडका उडालेला पाहून त्याच्या मनात आलं की इतकी मोठी प्रयोगशाळा शेजारी असताना आपण मुलांना कुंपणाच्या अलीकडेच का बसवून ठेवतो, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला नंतर मीठमसाला लागला असेल, पण पुढचं सगळं इतिहासात नोंदलेलं आहे. 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठात त्याने 27 विद्यार्थी घेऊन हा प्रयोग सुरू केला. सिनसिनाटी तेव्हा यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांचं, म्हणजे मशीन-टूलचं, मोठं केंद्र होतं. मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. एक जण आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखानदाराची जागा कधी रिकामी राहत नसे आणि वर्गातलं बाकही. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी परवानगी दिली खरी, पण प्रयोग फसला तर जबाबदारी आमची नाही, असं बजावून. तीन वर्षांनी बॉस्टनमध्ये आजच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या पूर्वसुरींनी ही पद्धत उचलली, 1919 मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलने.

वॉटर्लूची कथा याहून बोलकी आहे. 1956 च्या ऑगस्टमध्ये किचनर-वॉटर्लू भागात रोटरी क्लबच्या सभेत एक भाषण झालं. वक्ता शिक्षणतज्ज्ञ नव्हता. बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीच्या कॅनडातल्या शाखेचा अध्यक्ष आयरा नीडल्स बोलत होता. देशाला दीड लाख इंजिनीअर लागणार आहेत, नेहमीच्या पद्धतीने ते तयार होणार नाहीत, तेव्हा तीन महिने वर्ग आणि तीन महिने कारखाना अशी आलटून-पालटून शिक्षण देणारी संस्था काढू या, असा त्याचा प्रस्ताव. पुढच्याच वर्षी, जुलै 1957 मध्ये, सुमारे 75 मुलांची पहिली तुकडी तात्पुरत्या इमारतींत बसली. जुन्या विद्यापीठांतल्या अनेकांनी नाकं मुरडली. हे शिक्षण आहे की कारखान्याला पोरं पुरवण्याचा धंदा, असा सूर होता. नीडल्स पुढे त्याच विद्यापीठाचा कुलपती झाला. आज तिथे वर्षाला 20,000 हून अधिक विद्यार्थी को-ऑपमध्ये असतात आणि काम देणाऱ्यांची संख्या 7,000 च्या पुढे आहे.

या इतिहासातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. वॉटर्लूत कंपनीवाल्याला नंतर कुणी निमंत्रण धाडलं नाही. शाळा काढायलाच तो हजर होता. मुलं कच्ची निघाली तर तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न त्याला पडत नाही. आपण काय शिकवलं, असं त्याला आधी स्वतःला विचारावं लागतं.

आता प्रत्यक्ष सत्रांकडे येऊ. ती सगळी एका जातीची नसतात आणि सगळी सारखी उपयोगाचीही नसतात.

सर्वांत गर्दीचा प्रकार म्हणजे कंपनीची माहिती देणारं सत्र. संध्याकाळची वेळ, मागच्या टेबलावर पिझ्झाच्या खोक्यांची चळत, कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, पडद्यावर हसऱ्या माणसांचे फोटो. पिझ्झापुरते येणारे महाभाग असतातच, आणि त्यांना कुणी हटकतही नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव असलं की उभं राहायला जागा नसते. वॉटर्लूच्या मुलांत कॅलिफोर्नियाचं वेड जुनं आहे. 'कॅली ऑर बस्ट' असा मंत्रच आहे त्यांचा, म्हणजे गेलो तर कॅलिफोर्नियाला, नाहीतर काही खरं नाही. त्याच आठवड्यात एखाद्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं सत्र असेल तर पहिल्या दोन रांगाही भरत नाहीत. खरं तर पहिल्या नोकरीत हाताला भरपूर काम मिळण्याची शक्यता तिथेच जास्त. पण अठराव्या वर्षी हे कुणाला पटत नाही, आपल्यालाही पटलं नसतं. या प्रकाराला मी तयारी म्हणणार नाही. ती जाहिरात आहे, चांगल्या हेतूची असली तरी.

खरी तयारी लहान खोल्यांत होते. एका टेबलाशी कंपनीचा माणूस, समोर एक विद्यार्थी, मध्ये एक कागद. हा माणूस बहुतेकदा पन्नाशीतला मॅनेजर नसतो. तीन-चार वर्षांपूर्वी याच विद्यापीठातून को-ऑप करून गेलेला, आता त्याच कंपनीत कायम झालेला तरुण किंवा तरुणी असते. आपण याच खुर्चीत घाम पुसत बसलो होतो, हे तो विसरलेला नसतो. त्यामुळे तो गोड बोलण्यात वेळ घालवत नाही.

आपल्याकडून गेलेल्या मुलाचा बायोडेटा त्या टेबलावर पडला की काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सर्वांत वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' नावाचा चार ओळींचा परिच्छेद, ज्यात नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा. मग दहावीपासूनचे टक्के. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट आकाराचा फोटो. छंद: संगीत ऐकणे, क्रिकेट. शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे' असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आणि सही. कंपनीवाला पहिल्या मिनिटात यातला निम्मा कागद खोडतो. जन्मतारीख, लग्न झालं की नाही, धर्म कुठला, हे ओंटारियोत नोकरी देणाऱ्याने विचारायचंच नसतं; मानवी हक्कांचा कायदा आड येतो. विचारायचं नाही ते आपण आपणहून कशाला सांगायचं? उरलेल्या निम्म्या कागदाकडे बोट दाखवून तो विचारतो: या प्रोजेक्टमध्ये तू नक्की काय केलंस?

इथे आपल्या मुलांची पंचाईत होते. 'आम्ही चौघांनी मिळून सिस्टीम बनवली' असं उत्तर येतं. त्यात विनय आहे, गटाला श्रेय देण्याचे संस्कार आहेत आणि कधी कधी खरोखरच स्वतः काही न केल्याची लपवाछपवीही आहे. समोरच्याला यातलं कुठलं आहे ते कळायला मार्ग नसतो. तो चिकाटीने विचारत राहतो: सर्किट कुणी काढलं? जळलं तेव्हा तू काय केलंस? किती वेळ लागला? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? परिस्थिती, काम, कृती, परिणाम अशा क्रमाने उत्तर मांडण्याची 'स्टार' नावाची एक रीत तिकडे सगळ्यांना पाठ असते. सल्लागारही ती शिकवतात. पण कंपनीवाल्याने उलटतपासणी घेतल्यावर ती जशी अंगात मुरते तशी स्लाइड पाहून मुरत नाही.

दुसरी अडचण मुलाखतीच्या शेवटी येते. 'तुला काही विचारायचंय?' या प्रश्नाला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर 'नो सर'. विचारलं तर आगाऊपणा दिसेल, ही भीती. सरावाच्या मुलाखतीत कंपनीची माणसं इथेच थांबवतात. काही विचारायचं नाही याचा अर्थ ते लावतात की याला कामात रस नाही. आणि ते 'सर'ही सुटतं हळूहळू. साठीतल्या डायरेक्टरला पहिल्या नावाने हाक मारताना जीभ अडखळते, पण महिनाभरात जमतं. घरी फोनवर आईला सांगितलं की ती म्हणते, तिथे काय ते कर, इथे काकांना नावाने हाक मारू नकोस म्हणजे झालं.

नोकरी मिळाल्यानंतरची तयारी हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. काम संपताना वॉटर्लूच्या विद्यार्थ्याचं वरिष्ठ मूल्यमापन करतो. 'अनसॅटिस्फॅक्टरी'पासून 'आउटस्टँडिंग'पर्यंत शेरे असतात आणि ते पुढच्या काम देणाऱ्यांना दिसतात. मग शेरा देणाऱ्यानेच येऊन सांगितलं की मी कशाला किती मान देतो, तर मुलाचा केवढा फायदा. चांगल्या सत्रात असं बोलणं होतं: काम अडलं तर किती वेळ स्वतः झगडायचं आणि कधी उठून विचारायचं. पाच मिनिटांत विचारलंस तर मला वाटेल तू डोकं चालवत नाहीस. दोन दिवस गप्प बसलास तर माझे दोन दिवसांचे पैसे बुडाले. चूक झाली तर ती दुपारी सांग, दुसऱ्या दिवशी मला दुसरीकडून कळू देऊ नकोस. मीटिंगमध्ये वही घेऊन ये. आणि कारखान्यात असशील तर जीवाला धोका वाटणारं काम नाकारायचा हक्क ओंटारियोच्या कायद्याने तुला दिला आहे, तो वापरलास म्हणून मी तुला काढू शकत नाही. हे शेवटचं वाक्य विद्यापीठाच्या पुस्तिकेतही असतं. पण ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याच्या तोंडून ते ऐकलेलं मूल यंत्रासमोर वेगळ्या धीराने उभं राहतं.

निवडीची रीतही सत्रात समजावून द्यावी लागते, कारण ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते. मुलाखतींनंतर काम देणारा आपल्या उमेदवारांना क्रम लावतो आणि विद्यार्थी आपल्याला आवडलेल्या कामांना. संगणक दोन्हीकडचे आकडे एकत्र पाहतो; बेरीज जिथे कमी तिथे जोड जुळते. पत्रिकेतल्या गुणमेलनात जास्त गुण हवेत, इथे कमी, एवढाच काय तो फरक. आणि एकदा जुळलं की जुळलं. नंतर दुसरीकडून बरं स्थळ आलं म्हणून मोडता येत नाही; मोडलंत तर शिक्षा. म्हणूनच क्रम लावण्याआधी कामाची खरी माहिती हवी, आणि ती माहिती देणं हे कंपनीवाल्याचंही हिताचं. कामाचं गुलाबी चित्र रंगवून मूल मिळवलं तर चार महिने त्याचं पडलेलं तोंड त्यालाच पाहायचं असतं.

मात्र या सत्रांत काही गोष्टी बोलल्याच जात नाहीत. कॅनडा सरकार 2017 पासून विद्यार्थ्याला काम देणाऱ्याला पगारात अनुदान देतं: निम्मा पगार, 5,000 डॉलरपर्यंत, काही वंचित गटांसाठी 70 टक्के, 7,000 पर्यंत. पण हे नागरिक, कायम रहिवासी आणि संरक्षित निर्वासित अशांपुरतंच. नाशिकहून किंवा नागपूरहून स्टडी परमिटवर गेलेल्या मुलासाठी मालकाला ते मिळत नाही. तेव्हा दोन सारख्या उमेदवारांत लहान कंपनीचा मालक कुणाला घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पिझ्झा खाऊ घालणारा कुणी हे तोंडावर सांगत नाही. त्यातून अनेक वर्षं परदेशी विद्यार्थ्याला को-ऑपसाठी वेगळं वर्क परमिट काढावं लागत असे; ते हातात पडेपर्यंत मुलाखती होऊन जात.

अमेरिकेत तऱ्हा वेगळी. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नला एमएससाठी जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे आणि 'को-ऑप लागला का?' हा प्रश्न त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जेवलास का?' इतका नेहमीचा असतो. तिथे को-ऑप बहुधा सहा महिन्यांचा आणि त्याआधी तयारीचा अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. पण एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला बाहेर काम करायला सीपीटी नावाची परवानगी लागते. ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते, आणि असं पूर्ण वेळ काम बारा महिने भरलं तर पदवीनंतर काम करू देणारी ओपीटीची सवलत हातची जाते. म्हणून मुलं महिने बोटांवर मोजतात. कंपनीच्या प्रतिनिधीला हे नियम अनेकदा अर्धवटच माहीत असतात. व्हिसाचा प्रश्न उभा राहिला की तो 'तुमच्या विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारा' म्हणून सुटका करून घेतो. अशा वेळी वर्षभर पुढे असलेली सांगलीची किंवा डोंबिवलीची मुलगी जे सांगते तेच कामाला येतं.

आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं समजायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तिचा हेतू निराळा होता: काम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा, श्रमाची लाज घालवायची. को-ऑपमध्ये कामच अभ्यासक्रम असतं. त्याच्या जवळची आपल्या देशातली जुनी व्यवस्था म्हणजे बिट्स पिलानीची प्रॅक्टिस स्कूल. 1973 पासून ती चालू आहे आणि गोव्यात झुआरीनगरला 2004 साली सुरू झालेल्या कॅम्पसमधली मुलंही तिच्यातून जातात: दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत सुमारे दोन महिने, शेवटच्या वर्षी सुमारे साडेपाच महिने. तिथे प्राध्यापक मुलांच्या कामाशी जोडलेला असतो, कंपनीचा मार्गदर्शक आणि तो मिळून मूल्यमापन करतात. थोडक्यात, दोघांनाही बसायला खुर्ची असते.

आणि बाकीच्या महाविद्यालयांत? नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्र-प्रकल्प आला. मुलं त्याला सरळ 'ओजेटी' म्हणतात. कल्पना चांगली. पण बहुतेक ठिकाणी काय होतं हे शिक्षकांना विचारा, दार लावून घेऊन सांगतील. एम.कॉम.चा विद्यार्थी मामाच्या ओळखीच्या सीएकडून लेटरहेडवर पत्र आणतो. हजेरीची वही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरली जाते, तीही एकाच पेनाने. सही, शिक्का, श्रेयांक जमा. मुलाने एकही व्हाउचर पाहिलेलं नसतं. यात लबाडी मुलाची कमी आणि व्यवस्थेची जास्त. पत्र मागितलं, पत्र मिळालं. काम देणाऱ्याशी कॉलेजचं कधी बोलणंच झालं नव्हतं.

'आम्ही उद्योगातल्या लोकांना बोलावतो की' असं प्राचार्य सांगतील, आणि ते खरंही आहे. गेस्ट लेक्चर नावाचा सोहळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. अकराचा कार्यक्रम साडेअकराला सुरू. दीपप्रज्वलनात पंख्याने विझणाऱ्या वाती. स्वागतगीत. पाहुण्यांचा परिचय, ज्यात त्यांचं पदनाम चुकतं. शाल, श्रीफळ, रोपटं. संस्थेच्या सचिवांचं मनोगत. मग पाहुण्यांना पंचवीस मिनिटं, त्यात 'मोठी स्वप्नं पाहा'. आभार मानणाऱ्याने ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार मानले की चहा. पाहुणे चाकणहून दोन तास ट्रॅफिकमधून आलेले असतात आणि त्यांना मुलांचा एकही बायोडेटा दाखवलेला नसतो. दुसरा प्रकार पीपीटी, म्हणजे प्लेसमेंटच्या आधी कंपनी देते ते माहितीपर भाषण. तिथे मुलं दोनच प्रश्न विचारतात, पॅकेज किती आणि बाँड आहे का. प्रश्न रास्त आहेत, पण तोवर शिकायची वेळ निघून गेलेली असते.

राज्य सरकारने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. पैसे सरकारचे. पण जाणाऱ्या मुलाला आणि घेणाऱ्या आस्थापनेला एकमेकांसाठी तयार करणारं त्यात कुणी नाही. वॉटर्लूच्या नीडल्सने पैशाआधी ही गाठ घातली होती.

आपल्या उद्योजकांना वेळ नसतो, ही सबब मी पूर्ण मानत नाही. भोसरीतला दहा माणसांचं वर्कशॉप चालवणारा मालक नव्या पोराला व्हर्नियर धरायला शिकवण्यात महिना घालवतोच, आणि कॉलेजच्या नावाने बोटंही मोडतो. तोच वेळ आधी वर्गात घालवला तर बोटं मोडायची वेळ कमी येईल. त्याला सभागृह नको, शाल नको. त्याला वीस मुलं, एक फळा आणि त्याने सोबत आणलेले नापास झालेले चार जॉब, म्हणजे बनवलेले सुटे भाग, पुरतील. हा का परत आला, मोजमाप कुठे चुकलं, गिऱ्हाईकाने काय सुनावलं, हे तो दीड तास सांगू शकतो, आणि असं बोलणं सहसा कुणी झोपून ऐकत नाही.

तेव्हा प्राचार्य, टीपीओ म्हणजे ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी आणि विभागप्रमुखांना एक विनंती. येत्या सत्रात ओजेटीची पत्रं गोळा करायला मुलांना धाडण्याआधी, पत्र देणाऱ्यांपैकी निदान चौघांना एका शनिवारी कॉलेजात बोलवा. दिवे, हार, परिचय काही ठेवू नका. मुलांचे बायोडेटा त्यांच्या हाती लाल पेनासह द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. आणि वाचकांपैकी जे स्वतः कारखाना, दुकान, सीएचं ऑफिस किंवा प्रयोगशाळा चालवतात त्यांनाही: दारात पत्र मागायला कुणाचा भाचा आला तर सही लगेच करू नका. त्याला आधी तासभर बसवून तुमच्याकडे सोमवारी सकाळी काय चालतं ते सांगा, काय येतं ते विचारा, आणि यायचं असेल तर खरोखर या, असं सांगून तारीख द्या.